मुकी मालिका

सोमवार, २

जुनी मालिका शुक्रवारी संपली. अकरा वर्षं चालली, आणि शेवटी सगळ्यांनी एका रांगेत उभं राहून हसून घेतलं. आज त्याच वेळेला नवी सुरू झाली.

मी काही रोजचं लिहिणारा माणूस नव्हे. चौथीनंतर शाळा सुटली. पुढचं वाचायला शिकलो ते गिऱ्हाइकं कापड गुंडाळून आणायची त्या वर्तमानपत्रांवर. पण अक्कांशी फोनवर बोलून झालं की थोडं बोलणं उरतं. कपडा बेतल्यावर तुकडा उरतो तसं. टाकवत नाही, म्हणून इथे ठेवतो.

अक्का म्हणजे आमच्या हिची थोरली बहीण. दोघी दोन गावांत, मध्ये बसचा निम्म्या दिवसाचा प्रवास, पण मालिका लागली की दोघींच्या कानाला फोन. दोन्ही घरांत एकच चित्र आणि मध्ये अखंड बडबड. मी मशीनवर बसून कुरकुरायचो, "एक तर बघा, नाहीतर बोला." ही गेली त्याला दोन वर्षं झाली. ती गेल्यावर थोड्या दिवसांनी मालिकेच्या वेळेला फोन वाजला. अक्कांच्या हातानं सवयीनं नंबर फिरवला होता. मी 'हॅलो' म्हटलं आणि तिकडे रडू फुटलं. समोर टीव्ही चालू होता. मी म्हटलं, "अक्का, वकीलसाहेब तुरुंगातून सुटले बरं का." तेव्हापासून रोज फोन.

तर आजच्या पहिल्या भागात काय झालं? एक बाई बसमधून उतरली, चालत गेली, एका दारासमोर उभी राहिली. खेळ खलास. ना ढोल, ना विजेचा कडकडाट.

"मास्तर," अक्का म्हणाल्या. मी टेलर, म्हणून त्यांनी पहिल्यापासून मला मास्तर केलंय. "तुमचा टीव्ही चालतोय का? माझा बंद पडलाय वाटतं."

"चालतोय की. बाई चाललीय."

"कुठे?"

"ते उद्या कळेल."

"मग आज कशाला बोलावलं आपल्याला?"

गुरुवार, ५

तीस वर्षं मालिका बघतोय. म्हणजे बघत नाही असं दाखवत बघतोय. तेव्हा चालीबद्दल दोन शब्द बोलायचा मला हक्क आहे.

जुन्या मालिकेत सुनेवर मंगळवारी उगारलेला हात शुक्रवारी गालावर पोचायचा. मध्ये घरातल्या एकूण एक माणसाचं तोंड तीन-तीनदा दाखवायचे. पण त्यात सोय होती. चहा टाकून या, गिऱ्हाइकाचं माप घेऊन या, हात अजून हवेतच. ढगळ सदरा कसा कुणाच्याही अंगाला होतो, तशी ती मालिका होती. लांब लांब धावदोरा घातलेला. हात भरभर चालतोय असं वाटायचं आणि ओढून बघितलं की नुसत्या चुण्या.

नवीचं उलटं आहे. ही बारीक हातशिलाई. टाका दिसत नाही, घाई नाही, पण पाच मिनिटांनी बघावं तर कापड बोटभर पुढे सरकलेलं. पाठ फिरवायची सोय नाही.

गोष्ट साधी आहे. एक सुतार आहे, वय झालेला, एकटा. ती बसमधून उतरलेली त्याची बहीण. कधीकाळी भांडून घर सोडून गेली होती, आता परत आलीय. त्यानं दार उघडलं, पण तोंड उघडलं नाही. एका घरात दोघं आणि बोलणं नाही. पार्श्वसंगीतसुद्धा नाही. नळ ठिबकतो तो ऐकू येतो.

अक्कांचा मात्र जीव मेटाकुटीला आलाय. "भांडा म्हणावं एकदाचे! आत्ता खोकली ती कोण, बहीण की शेजारीण?"

"अक्का, डुलकी लागली होती का?"

"लागली असेल."

आणि मग मध्येच म्हणतात कशा, "ती खोलीत आली की त्याचा रंधा थांबतो. ऐकलंत?"

मी ऐकलं नव्हतं. आज लक्ष दिलं तर खरंच थांबत होता. या बाईचं काही कळत नाही. समोरचं सुटतं आणि कोपऱ्यातलं पकडतात.

बुधवार, ११

आज वाईट झालं. आधी मालिकेतलं लिहितो, मग माझं.

बहिणीच्या खोलीत एक मोडकी खुर्ची आहे. लहानपणी तीच बसायची त्यावर. आज ती बाहेर गेली असताना भावानं खुर्ची उचलून नेली. पाय काढला, नवा बसवला, पॉलिश पेपर फिरवला. पाठीवर तिनं कधी खिळ्यानं काहीतरी कोरलेलं होतं, तेवढी जागा मात्र न घासता सोडली. मग खुर्ची जागच्या जागी ठेवून आपल्या कामाला गेला. ती आली. बघितलं. हात फिरवला. बसली. सगळ्या भागात एक अक्षर नाही. असं कुणी दाखवत नाही हो. इतका वेळ देऊन कुणी दाखवत नाही.

आणि नेमकं तेव्हाच अक्का फोनवर सांगत होत्या, "आज पाणी आलंच नाही मास्तर. शेजारीण म्हणते पाइप फुटलाय. दोन बादल्या भरून ठेवल्यात म्हणून निभावलं..."

"अहो अक्का, थांबा जरा."

"का? काय चाललंय? काहीच तर नाही चाललं."

"काहीच नाही?"

"मुकी मालिका आहे ही. मघापासून नुसती खुडबुड. यापेक्षा ते ढोल बरे होते."

माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, "अक्का, तोंडावर डोळे आहेत की नुसती काजं पाडून ठेवलीत?"

मग अक्का म्हणाल्या, "काजंच म्हणा." आणि फोन ठेवला.

शुक्रवार, १३

फोन नाही. मीही केला नाही. त्यांना चांगल्यातलं चांगलं दाखवलं तर पाण्याच्या बादल्या मोजत बसतात. त्यात माझा काय दोष?

सोमवार, १६

फोन नाही.

मालिका चांगली चाललीय. बहिणीनं भावाचा डबा भरून ठेवला. त्यानं नेला नाही, पण जाताना एकदा उचलून वजन बघितलं. मी "बघितलंत का!" म्हणालो आणि मग लक्षात आलं की फोन कानाला नाही.

खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई युनिफॉर्म कमरेत सैल करून न्यायला आल्या होत्या. त्यांना मी तो डब्याचा प्रसंग सांगायला लागलो. बिचाऱ्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या, पण एक पाय जिन्यावर होता. "छान आहे हो काका," म्हणाल्या. सांगून झाल्यावर मला आणखीच ओकंबोकं वाटलं. चांगलं बघितलं की ते सांगायला माणूस लागतं, आणि तेही रोजचं, मागचं सगळं ठाऊक असलेलं.

जेवताना चमचा ताटाला लागला की दचकतो. घर इतकं शांत आहे.

मंगळवार, १७

आज फोन वाजला तसा धावलो. अक्कांचा मुलगा होता. चांगला पोरगा आहे. लांबच्या शहरात नोकरी, बायको, दोन मुलं.

"काका, तुम्ही आईशी रोज बोलता, म्हणून विचारतो. ती एकटी राहू शकेल असं वाटतं तुम्हाला?"

"का रे?"

"काही नाही... मागच्या खेपेला तिनं माझ्या शर्टाचं बटण लावून दिलं. पांढरा शर्ट, आणि लावलं काळ्या दोऱ्यानं. पुढच्या महिन्यात तिला आमच्याकडेच आणावं म्हणतोय. घर बंद करून टाकू. तिच्यापाशी विषय काढला की उसळते."

"पांढरा दोरा संपला असेल," मी म्हटलं. "आणि राहू शकेल म्हणजे काय? बोलण्यात मला उभा कापते तुझी आई."

तो हसला. बरं वाटलं त्याला. आमचं बोलणं बंद आहे हे मी सांगितलं नाही.

शुक्रवार, २०

आज टीव्हीचा आवाज गेला. चित्र स्वच्छ, पण मुकं. टीव्हीवाला मागचं झाकण उघडून बघून गेला. सुटा भाग मागवावा लागेल म्हणाला. आणि आजच नेमकी मालिकेतली दोघं बोलायला लागली! सुताराचे ओठ हलतायत, बहीण मान हलवतेय, आणि मी ठार बहिरा.

मग काय, लावला अक्कांना फोन. पहिल्याच घंटेला उचलला.

"काय मास्तर, काजं आठवली का?"

"अक्का, चूक झाली. पण आधी सांगा, हा काय म्हणतोय? माझा आवाज गेलाय."

"तुमचा आवाज जाईल तो दिवस सोन्याचा." आणि मग काय सांगू! भावासाठी जाड आवाज, बहिणीसाठी बारीक, शब्द न् शब्द. "तो म्हणतो, कुलूप बदललंय. ती म्हणते, बघितलं. तो म्हणतो, चावी एकच आहे. ती म्हणते, ठेव तुझ्याकडे." मी आठवड्यानं हसलो. मग अक्का थांबल्या. "झालं. संपलं वाटतं."

"संपलं कुठे? चावी टेबलावर ठेवतोय ना तो."

"कोण?"

"अहो, समोर तर दिसतंय."

मग अक्कांनी हळूच विचारलं, "मास्तर, तिच्या बाजूला ठेवली की आपल्या?"

"मध्ये."

"आणि ती?"

"बघत नाही. भांडं पुसतेय. तेच तेच पुसतेय. आता तो निघाला. दारापाशी थांबलाय. पाठमोराच आहे. आता तिनं चावी उचलली. पदरात बांधली."

भाग संपेपर्यंत मी सांगत राहिलो. अक्कांनी मध्ये एकदाही पाण्याचा, पाइपचा विषय काढला नाही. शेवटी म्हणाल्या, "आज चांगली होती हो मालिका. इतके दिवस अशीच होती का?"

"अशीच होती," मी म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ उभाच राहिलो.

शनिवार, २१

काळा दोरा. रंधा थांबलेला ऐकू येणं. बहीण कुठली, शेजारीण कुठली. आणि मी काय बोललो होतो त्यांना!

पुढे लिहवत नाही.

सोमवार, २३

आज मालिका लागायच्या आधीच फोन केला. "अक्का, कधीपासून?"

खोटं बोलतील असं वाटलं होतं. नाही बोलल्या. "काचबिंदू आहे. वर्षभर कमी कमी होत होतं. या चार महिन्यांत पार गेलं. डॉक्टरांनी थेंब दिलेत. ते म्हणाले, गेलेलं परत येत नाही. खिडकी कुठे आहे तेवढं कळतं."

"मुलाला का नाही सांगितलं?"

"तो मला न्यायला बसलाय मास्तर. इथे मला प्रत्येक फळी ठाऊक आहे. तिथे तिसऱ्या मजल्यावर मी सामान होऊन बसेन. चांगली माणसं आहेत, जपून ठेवतील. पण सामानच."

मग विचारलं, "पण दिसत नव्हतं तर मालिकेसाठी रोज फोन कशाला करत होता?"

"तुम्ही बघत होतात ना."

"म्हणजे मालिकेपायीच ना?"

"मालिका आमच्या धाकटीला आवडायच्या हो. मला कुठल्या आवडायला? त्या ढोलांनी माझं डोकं उठायचं."

नवल आहे. न आवडणारी गोष्ट दोन वर्षं रोज ऐकायची म्हणजे किती हट्टी स्वभाव! ही म्हणायचीच, आमची अक्का एकदा धरलं की सोडत नाही.

"मुलगा तुम्हाला विचारेल," त्या म्हणाल्या. "काय सांगाल?"

मी म्हटलं, "मालिका लागली बघा." आणि सांगायला लागलो.

बुधवार, २५

तीन दिवस झकास चाललंय. आवाज त्यांचा, चित्र माझं. टीव्हीवाला तो सुटा भाग घेऊन आला होता, त्याला म्हटलं, पुढच्या आठवड्यात ये, घाई नाही.

पण दिवसा काम करताना मन थाऱ्यावर नसतं. सांगावं, तर अक्कांचं घर बंद होणार. न सांगावं आणि उद्या काही झालं, तर? आणि खरं विचारशील तर, मास्तर, तुला नेमकं कुणाचं पडलंय? त्या तिकडे गेल्या की त्यांच्याभोवती नातवंडं असतील. मग कुणाला कशाला हवा संध्याकाळी एका शिंप्याचा फोन? मी गप्प बसतो ते त्यांच्या घरासाठी की माझ्या संध्याकाळसाठी, हे मला ओळखू येत नाही. आज एक पायजमा उलटा शिवला. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

मुलगा रविवारी येतोय. अक्का म्हणाल्या, "तुम्हीही या. तुम्ही समोर असलात की तो माझ्याकडे कमी बघेल."

रविवार, २९

आत्ताच बसनं परत आलो. जे झालं ते सरळ लिहितो.

अक्कांचं घर आरशासारखं लख्ख. प्रत्येक डबा आपापल्या जागी. आम्हाला बसवलं, आणि स्वयंपाकघरातून तीन कप चहा घेऊन आल्या, तोही थेंब न सांडता. मुलासमोर एक कप, माझ्यासमोर एक. बोलल्यासुद्धा त्याच्या तोंडाकडे तोंड करून. आवाजाच्या दिशेनं वळत होत्या, पण असं सफाईनं की मला ठाऊक असूनही शंका यावी. मुलगा खूश. "काका, आई तर ठणठणीत आहे. मी उगीच काळजी करत होतो. राहू दे तिला इथेच, काय?"

अक्कांनी पदर सावरला, आणि मला त्यांच्या ब्लाउजची बाही दिसली. उजव्या हाताची, मागची कड. करपलेली. आमच्या धंद्यातल्या माणसाची नजर आधी शिलाईवरच जाते. मिश्र धाग्याचं कापड होतं. ते नुसतं जळत नाही, वितळतं, आणि अंगाला चिकटलं की कातडीसकट निघतं. तिथे एक जुना चट्टा होता, वितळून कडक झालेला, आणि शेजारी एक ताजा. म्हणजे हे एकदा झालेलं नव्हतं.

"अक्का, बाहीला काय झालं?" मी विचारलं.

"काय झालंय?" आणि त्यांनी डावी बाही चाचपली.

मुलगा बघत होता. आधी डाव्या बाहीकडे, मग उजव्या, मग आईच्या डोळ्यांकडे. त्यानं मला विचारलंही नाही. पण मी म्हटलं, "अक्कांना दिसत नाही रे. मला गेल्या आठवड्यापासून माहीत आहे."

तो उठून आईजवळ बसला. हात हातात घेतला. रडला. अक्का नाही रडल्या. मी निघालो तेव्हा दारापर्यंत आल्या, नेमक्या उंबऱ्याशी थांबल्या आणि म्हणाल्या, "जन्मभर शिवत आलात मास्तर. आज उसवलंत."

बसमध्ये खिडकीची जागा होती. बाहेर काय होतं, आठवत नाही.

गुरुवार, २

मुलाचा फोन आला. घर आवरून अक्कांना घेऊन गेला. डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. "तुमचे फार उपकार झाले काका," म्हणाला. मी विचारलं, "आई बोलेल का?" तो जरा अडखळला. "नंतर करेल ती."

आवाज दुरुस्त झाला. मालिकेतली दोघं आता थोडं थोडं बोलतात. मालिका पुढे सरकली खरी, पण मला वाटतं घाई केली. अजून थोडे दिवस गप्प राहिली असती तर चाललं असतं. की मलाच ऐकवत नाही, कोण जाणे.

सोमवार, ६

आज राहवलं नाही. मालिका लागायच्या वेळेला त्यांच्याकडे फोन केला. सुनेनं उचलला.

"काका, आई बोलत नाही म्हणतात. म्हणजे... राग आहे त्यांना अजून."

"आणि मालिका?"

"या वेळेला इथे मुलांचं कार्टून असतं हो."

म्हणजे त्यांना आता आवाजही नाही. मी म्हटलं, "बोलू नका म्हणावं. बोलायचं काही कारणच नाही. फोन नुसता कानाशी द्या."

तिकडे कुजबुज झाली. खुर्ची सरकली. कार्टूनचा आवाज लांब गेला, दार लावल्याचं ऐकू आलं. मग काहीच नाही.

मी सुरुवात केली. आज दोन्ही कामं मलाच करायची होती, आवाजही आणि चित्रही. जाड आवाज जमतो, बारीक आवाज काढला की खोकला येतो. तरी रेटलं. "बहीण अंगणात आहे. तो आतून आला. हातात पाट आहे, नवा केलाय. म्हणतो, बघ हलतो का. ती म्हणते, ठेव खाली. ठेवला. हलत नाही. आता ती काही बोलत नाही अक्का. तोही नाही. पाटाच्या एका बाजूला ती बसलीय. दुसऱ्या बाजूला जागा आहे. तो उभाच आहे. हात पुसतोय. स्वच्छ आहेत तरी पुसतोय. अजून उभाच आहे."

तिकडून हूं की चूं नाही. मध्येच मला वाटलं, फोन नुसता टेबलावर पडलाय आणि मी एका रिकाम्या खोलीतून दुसऱ्या रिकाम्या खोलीत बोलतोय. म्हणून थांबलो. थांबलो तेव्हा श्वास ऐकू आला. जरासा घरघरता. तो मी ओळखतो.

भाग संपला. आता फोन ठेवायचा असतो. रोज अक्काच आधी ठेवायच्या, "चला, उद्या" म्हणून. आज त्या काही म्हणाल्या नाहीत. ठेवलाही नाही. मलाही ठेववेना.

साबणाची जाहिरात लागली. मी तीही सांगायला लागलो.